टाक्याआधीचे कापड : गोधडीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी मी गोधडीच्या टाक्यांविषयी लिहिले होते आणि त्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रांत टाक्यांविषयी नव्हे, तर कापडाविषयी विचारलेले आहे. याचे मला मनापासून समाधान वाटले. गेली एकतीस वर्षे मी गोधड्या शिवते आहे, दुसऱ्यांनी शिवलेल्या गोधड्या दुरुस्तही करून देते, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गोधड्यांत नुसता दोरा तुटलेली गोधडी क्वचितच असते. बाकी सगळ्यांचे दुखणे पहिला टाका पडण्याआधीचे असते : विरलेले कापड वरच्या थराला लावलेले असते, कोरे कापड न भिजवता जुन्यात मिसळलेले असते, किंवा साडीचा फॉल तसाच आत राहून गेलेला असतो.

प्रश्न : आई आणि सासूबाई यांच्या मिळून दहा-बारा जुन्या सुती साड्या माझ्याकडे आहेत. त्यांत चार नऊवारी आहेत. एका गोधडीला किती साड्या लागतील आणि शिवायला घेण्याआधी त्यांचे काय काय करावे लागेल? (डोंबिवलीहून एक भगिनी)

उत्तर : ताई, आधी हिशोब सांगते. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. त्याचे सारखे पाच तुकडे केले तर प्रत्येक तुकडा सुमारे १.६ मीटरचा होतो, आणि असे दोन तुकडे लांबीच्या बाजूने एकमेकांना जोडले की काठ काढून टाकल्यावरही साधारण सात फूट लांब आणि सव्वापाच फूट रुंद असा एक थर तयार होतो. म्हणजे दोन नऊवारींतून दहा तुकडे, अर्थात पाच थर मिळतात, आणि एका माणसाच्या पांघरुणाला पाच थर पुरेसे होतात. सहावारी साडी साडेपाच मीटरची असल्यामुळे तिच्यातून असे तीनच तुकडे निघतात व थोडे कापड उरते. तेव्हा सहावारी घेतल्या तर चार साड्या लागतील. मात्र हा हिशोब धड कापडाचा आहे. जुनी साडी सगळीकडून सारखी धड कधीच नसते, म्हणून एक साडी जास्तीची हाताशी ठेवावी.

आता निवड. प्रत्येक साडी खिडकीपाशी उजेडासमोर धरून पूर्ण लांबीने सरकवत पाहावी. जिथे कापडातून पलीकडची बोटे मोजता येतात, तिथे ते विरले आहे असे समजावे. नऊवारीत हा भाग बहुधा काष्ट्याच्या बाजूला सापडतो, कारण बसताउठताना तोच घासला जातो. सहावारीत निऱ्यांचा खालचा भाग आधी विरतो. उजेडात बरे दिसलेले कापडही दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणून पाहावे, कारण काही रंगांची कापडे, विशेषतः जुनी काळी, दिसायला दाट असूनही आतून कुजलेली असतात आणि ताण बसताच कागदासारखी फाटतात. किंचित विरलेले कापड मधल्या थरांत चालते, वरच्या व खालच्या थरांना मात्र सर्वांत धड कापड द्यावे. जे ताणताच फाटते, ते मधल्या थरातही घालू नये. आत असल्यामुळे ते दिसत नाही हे खरे, पण दोन-चार धुण्यांत त्याचा भुसा होतो, तो एका जागी गोळा होतो, आणि गोधडीत एकीकडे गाठ व दुसरीकडे पोकळी तयार होते.

साडी सुती आहे का याचीही खात्री करून घ्यावी. पदराच्या टोकाचे चार धागे ओढून ते चिमट्यात धरून ज्योतीला लावावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मिश्र धाग्यात दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या दिसतात. पॉलिस्टरची साडी गोधडीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती थरांमध्ये घसरत राहते, घाम शोषत नाही, आणि शेजारच्या सुती थराला टाक्यापाशी ओढ लावते.

यानंतर फॉल उसवावा, पिकोची शिवण काढावी आणि काठ वेगळे करावेत. काठ टाकून द्यायचे नाहीत. त्यांची वीण दाट असते, त्यामुळे ते मधल्या कापडापेक्षा वेगळ्या प्रमाणात आटतात आणि गोधडीच्या आत राहिले तर ओळीने सुरकुत्या पाडतात; पण तेच काठ कडेला गोट म्हणून लावले तर गोधडीची धार वर्षानुवर्षे टिकते. जरीचे काठ मात्र पूर्णच बाजूला ठेवावेत, कारण जरतार काळी पडते आणि अंगाला टोचते. मग साड्या धुवाव्यात, आणि शेवटच्या पाण्यात स्टार्च अजिबात घालू नये. सावलीत वाळवून थोड्या दमट असतानाच इस्त्री करावी.

तुकडे करताना कापड कात्रीने सरसकट कापण्याऐवजी काठाकडून छोटी चीर देऊन फाडले, तर ते आडव्या धाग्याच्या ओळीत सरळ फाटते आणि कोपरे काटकोनात येतात. फार जुने कापड मात्र फाडू नये, कारण त्याची चीर वाटेतच उभ्या दिशेने भरकटते. अशा वेळी एक आडवा धागा ओढून काढावा. त्याच्या जागी जी बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवावी. फाडताना जुन्या कापडाचा भरपूर कोंडा उडतो, म्हणून नाकातोंडाला रुमाल बांधून हे काम ओसरीवर किंवा गच्चीत करावे. शेवटची एक गोष्ट पुष्कळजणी विसरतात : प्रत्येक थरात दोन तुकड्यांचा जोड येतो, आणि तो पाचही थरांत बरोबर मध्यावर आला तर तिथे काठीसारखा उंचवटा होतो व झोपणाऱ्याच्या पाठीला रुततो. एका थरातला जोड मधोमध ठेवावा, आणि पुढच्या थरात एक तुकडा लांबीने मधोमध चिरून त्याच्या दोन पट्ट्या अखंड तुकड्याच्या दोन्ही बाजूंना जोडाव्यात, म्हणजे जोड मध्यावरून बाजूला सरकतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते आणि इथल्या क्विल्टिंगच्या वर्गाला जाते. वर्गात काहीजणी नवे कापड आधी धुतात, तर काही न धुताच वापरतात. मला आजीची दोन नऊवारी लुगडी आणि इथून विकत घेतलेले नवे सुती कापड यांची मिळून गोधडी करायची आहे. धुण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : आपल्या वर्गातल्या दोन्ही बाजूंचे त्यांच्या जागी बरोबर आहे. तिथल्या क्विल्टचे तीन थर असतात : वरचा तुकडे जोडून केलेला थर, मधला कापसाचा किंवा अन्य तंतूंचा भराव, आणि खालचे अस्तर. हे सगळेच नवे असेल, तर पहिल्या धुण्यात वरचा व खालचा थर मिळून आटतो आणि सर्वभर ज्या बारीक चुण्या पडतात, त्या पुष्कळांना आवडतात. लहान पट्ट्यांची तयार कापलेली कापडे विकत मिळतात, ती तर धुऊच नयेत, कारण त्यांच्या कडा उसवून माप बिघडते.

आपल्या गोधडीत वेगळा भराव नसतो, कापडाचे थर हाच तिचा भराव, आणि आपल्या बाबतीत त्यांतील काही थर पन्नास वर्षे धुतले गेलेले असतील. त्यांचे आटणे केव्हाच संपले आहे. नवे सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात सहज ३ ते ५ टक्के आटते. सात फुटांच्या लांबीत ४ टक्के म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच. गोधडी शिवून झाल्यावर नवा थर साडेतीन इंच आखडू पाहतो, आजीचे लुगडे आखडत नाही, आणि दोघांना बांधून ठेवणारा टाका मध्ये सापडतो. अशा ओढाताणीत हार नेहमी जुन्या कापडाची होते व ते टाक्याच्या ओळीने फाटते. म्हणून आपण नवे कापड अवश्य धुवावे, आणि पुढे गोधडी ज्या रीतीने धुणार आहात, अगदी त्याच रीतीने धुवावे. तिथे ड्रायरमध्ये वाळवण्याची पद्धत असेल, तर नवे कापड शिवण्याआधी दोनदा ड्रायरमधून काढावे. कोऱ्या कापडाला खळ असते; ती गेल्यावर सुईही सुरळीत चालते. लुगडी मात्र हातानेच, साध्या पाण्यात धुवावीत.

आजीचे लुगडे कापायला हात धजत नाही, असेही आपण लिहिले आहे. माझ्या आईचे शेवटचे लुगडे मी चार वर्षे तसेच ठेवले होते, आणि पेटीत घडीच्या रेषेवर ते आपोआप चिरत गेले तेव्हा मी ते शिवायला घेतले. पदराचा एक हातभर तुकडा न कापता गोधडीच्या मध्यभागी, वरच्या थरावर, तसाच ठेवावा, एवढेच सुचवते.

प्रश्न : लाल कापडाचा रंग दुसऱ्या कापडाला लागतो. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो असे ऐकून तसे केले, तरीही पहिल्या धुण्यात पांढरा थर गुलाबी झाला. काय चुकले? (लातूरहून एक वाचक)

उत्तर : आपले काही चुकले नाही, ऐकलेली गोष्टच अपुरी आहे. कापूस रंगवताना मिठाचा उपयोग होतो, कारण पाण्यातला रंग धाग्याकडे जाण्यास त्यामुळे मदत मिळते. परंतु एकदा रंगवून झालेल्या कापडात जो सुटा रंग राहून गेलेला असतो, त्याला मीठ किंवा व्हिनेगर नंतर पक्के करू शकत नाही. तुरटीचेही तसेच : ती वनस्पतिजन्य रंगांसाठी रंगवण्याच्या वेळी वापरायची वस्तू आहे. सुटा रंग असेल तर तो काढून टाकणे हाच उपाय. असे कापड बादलीत एकटे भिजवावे, पाणी बदलत राहावे, आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे चालू ठेवावे. माझ्याकडे एका गर्द लाल कापडाला सात पाणी लागली होती. नंतर ओल्या कापडावर पांढरे फडके ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर डाग उमटला तर ते कापड फिकट रंगाच्या शेजारी लावू नये. गडद रंगाच्या गोधडीत ते सुखाने नांदेल. शिवून झालेल्या गोधडीत रंग पसरला असेल तर ती वाळू देऊ नये. तशीच ओली असताना भरपूर पाण्यात पुन्हा बुडवावी. एकदा वाळली की डाग काढणे फार अवघड जाते.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. या दिवसांत गोधडीचे काम करावे का? (सावंतवाडीहून एक भगिनी)

उत्तर : टाके घालावेत, कापड धुऊन तयार करण्याचे काम मात्र करू नये. वरून वाळलेले वाटणारे कापड थरांमध्ये दबले की आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि बुरशीचे काळे ठिपके येतात, ते सहजासहजी जात नाहीत. आमच्या भागात साड्या निवडणे, धुणे, फाडणे ही कामे सुगी उरकल्यावर चैत्र-वैशाखाच्या उन्हात होत आली आहेत, आणि त्याचे कारण निव्वळ मोकळा वेळ हे नाही. उन्हाळ्यात कापड तयार करून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह कोरड्या पेटीत ठेवावे आणि पावसात दाराशी बसून शिवावे.

प्रश्न : माझी आजी वाकळ कडेपासून शिवायला घेऊन गोल गोल फिरत मध्यावर आणीत असे. हल्ली शिकवताना मधून सुरुवात करून बाहेर जायला सांगतात. यांतले योग्य कोणते? कडेपासून शिवताना माझ्या वाकळीच्या मध्ये नेहमी फुगा येतो. (निपाणीजवळून एक भगिनी)

उत्तर : सुई चालते तेव्हा वरचा थर केसभर पुढे ढकलला जातो. शिवण जिथे संपते, तिथे हे सगळे ढकललेले कापड गोळा होते. मधून बाहेर शिवले तर ते कडेला येते आणि कापून टाकता येते. कडेपासून आत शिवले तर त्याला जायला जागा राहत नाही आणि आपण म्हणता तो फुगा येतो. तरीही आपल्या आजींची रीत चुकीची नव्हती. आपल्या कर्नाटकातच हल्याळ आणि यल्लापूर भागातल्या मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया आपल्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने फिरत मध्यापर्यंत शिवतात, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या छोट्या त्रिकोणी तुकड्यांचे फूल लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. त्यांच्या कवंदीत फुगा येत नाही, कारण त्या दर फेरीला डाव्या तळव्याने पुढचे कापड निपटून घेतात, आणि मऊ झालेले जुने कापड ती थोडीशी ढील टाक्याटाक्यांत सामावून घेते. आपल्या आजीही तेच करीत असणार. लहानपणी आपण सुई पाहिली, दुसरा हात पाहिला नाही.

आपण कडेपासूनच शिवा, पण आधी कापडाला जागेवर बसवून घ्या. स्वच्छ पुसलेल्या फरशीवर सर्वांत खालचा थर ताठ पसरून त्याचे कोपरे चिकटपट्टीने किंवा वजनाने धरून ठेवावेत. एकेक थर वर टाकताना मध्यापासून बाहेर हात फिरवावा. पाचही थर एकदम पसरून मग सुरकुत्या काढू नयेत, कारण वरची सुरकुती निघते आणि आतली तशीच राहते. नंतर वीतभर अंतरावर उभे आणि आडवे कच्चे टाके घालावेत. या कामाला दोन तास लागतात आणि कंबर भरून येते, पण हे टाळून पुढे वेळ वाचलेला मी पाहिलेला नाही. सुई लांब व बारीक घ्यावी. दाभण वापरू नये, त्याची भोके जुन्या कापडात बुजत नाहीत. दोरा सुती असावा, हातभर लांब असावा आणि मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घ्यावा, म्हणजे गुंता होत नाही. अंगुस्तानाशिवाय पाच थरांतून सुई रेटू नये. तरीही बोट टोचून कापडावर रक्ताचा ठिपका पडलाच तर तो लगेच थंड पाण्याने पुसावा, गरम पाणी लावू नये.

प्रश्न : भाचीच्या बाळासाठी दुपटे शिवायचे आहे. कापड कसे घ्यावे? (पुण्याहून एक आत्या)

उत्तर : आजोबांचे जुने मलमलीचे धोतर मिळाले तर त्याहून चांगले काही नाही. दोन किंवा तीनच थर घ्यावेत. जरतार, टिकल्या, बटणे, लोंबते गोंडे काहीही नको, आणि दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत लपवाव्यात. ज्या पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या, तिथले कापड तान्ह्या बाळासाठी वापरू नये. त्या वाफेने काही बाळांच्या रक्तावर वाईट परिणाम होतो. दुपटे बाळाच्या अंगाखाली घालावे, झोपेत तोंडावर येईल असे पांघरू नये.

प्रश्न : गेल्या वर्षापासून मी मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देते. एका गिऱ्हाइकाने, "कापड तर आमचेच जुने, मग एवढे पैसे कशाचे?" असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. आपण किंमत कशी ठरवता? आणि घर सांभाळून दिवसाची आखणी कशी करता? (नाशिकहून एक भगिनी)

उत्तर : ताई, हा प्रश्न मलाही अनेकदा विचारला गेला आहे आणि सुरुवातीची कितीतरी वर्षे मीही गप्प बसून पैसे कमी केले. मग एका गोधडीचे सगळे काम मी वहीत लिहून काढले. तो हिशोब आपल्याला जसाच्या तसा देते.

सात फूट लांबीच्या गोधडीत एकेका बोटाच्या अंतरावर ओळी घातल्या, तर सुमारे १०५ ओळी होतात. प्रत्येक ओळ १.६ मीटरची, म्हणजे एकूण शिवण १६८ मीटर. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला, तर जवळजवळ १७,००० टाके झाले. दोरा ओवणे, गाठ मारणे, कापड सरकवणे हे सगळे धरून माझ्या हाताने मिनिटाला आठ ते दहा टाके पडतात. म्हणजे नुसत्या टाक्यांना २८ ते ३५ तास लागतात. दुपदरी दोरा सुमारे ४०० मीटर लागतो.

परंतु वही लिहिताना मला खरा धक्का बसला तो त्याच्या आधीच्या पानाचा. साड्या निवडणे, फॉल आणि काठ उसवणे, धुणे, इस्त्री, फाडणे, जोड शिवणे, थर पसरून कच्चे टाके घालणे यांना मिळून नऊ तास लागले होते, आणि त्या नऊ तासांचा एक पैसाही मी कधी लावलेला नव्हता. मी स्वतःच त्याला काम म्हणत नव्हते. आता सदतीस ते चव्वेचाळीस तास, म्हणजे आठ तासांचे जवळपास पाच ते साडेपाच दिवस, असा हिशोब मी सांगते. आपल्या गावात शेतात किंवा बांधकामावर जाणाऱ्या बाईला दिवसाची जी मजुरी मिळते, तिच्या पाच ते साडेपाच पट ही गोधडीची किमान मजुरी धरावी. त्यात दोरा, साबण आणि इस्त्रीची वीज मिळवावी. याहून कमी पैशांत काम घेतले तर आपण आपल्या कौशल्याला साध्या मजुरीइतकेही मानले नाही असे होते. कापड गिऱ्हाइकाचे आहे म्हणून मजुरी घटत नाही. उलट, अनोळखी घरातून आलेल्या जुन्या साड्या निवडायला नव्या कापडापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि हे त्यांना सरळ, आदराने सांगावे. मी तर गिऱ्हाइकाला समोर बसवूनच साड्या उजेडात धरते. कोणता भाग का घेतला आणि कोणता का बाजूला ठेवला हे डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्याशी घासाघीस करणारे फार थोडे उरले.

दिवसाच्या आखणीविषयी : सकाळी घरच्या धुण्याबरोबर कापड भिजत घालते, पण वेगळ्या बादलीत. टाके दुपारी बारा ते तीन एवढाच वेळ घालते, कारण तेव्हा आमच्या ओसरीवर चांगला उजेड असतो आणि दिव्याखाली गडद कापडावर गडद दोरा दिसत नाही. दर अर्ध्या तासाने उठते. पूर्वी उठत नसे. त्याची किंमत गुडघे आता वसूल करीत आहेत, म्हणून आपण आत्तापासूनच ही सवय लावून घ्या. संध्याकाळी डोळ्यांना ताण नाही असे काम, म्हणजे फॉल उसवणे, काठ गुंडाळून ठेवणे. रात्री सुई हातात घेत नाही. अशा रीतीने एक गोधडी मला तयारीसह पंधरा दिवस पुरते, म्हणून महिन्याला दोनपेक्षा जास्त मागण्या मी स्वीकारीत नाही. आपणही पुढच्या मागणीला होकार देण्याआधी एका गोधडीचे तास लिहून काढावेत. माझा वेग आपला नसेल, म्हणून आकडे आपल्याच हाताचे घ्यावेत, आणि पहिली नोंद साड्यांचे गाठोडे सोडल्यापासूनची करावी.